‘ॲक्शन एकदम लो’ म्हणून विकलेली गिटार

जुन्या इलेक्ट्रिक गिटारची वाकलेली नेक, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती लांब मान, गिऱ्हाइकापासून लपवायला फार काही लागत नाही. तारा एक सूर खाली उतरवून ठेवल्या की काम भागतं. पुण्यात मला 24 हजारांची गिटार अशीच विकली गेली. युक्ती इतकी बेमालूम आहे की सेकंडहँड गिटार बघायला निघालेल्यांना ती माहीत असलेली बरी.

विकणारा पंचविशीतला, बोलायला गोड. कॅनडाला निघालोय, सामान कमी करतोय, म्हणून स्वस्तात देतोय म्हणाला. (जुनी वाद्यं विकणारी निम्मी माणसं कॅनडाला निघालेली असतात, आणि वर्षभराने कोथरूडमध्येच भेटतात.) गिटार ॲम्पला जोडून तयार होती, गेन, म्हणजे आवाज फाटका करणारं बटण, भरपूर चढवलेला. पायाशी त्याचाच ट्यूनर पेडल (तार सुरात आहे का ते दाखवणारा), सहाही तारांना हिरवा दिवा. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या बाराव्या आडव्या पट्टीवर, तार फ्रेटपासून जेमतेम दीड मिलिमीटर. या अंतरालाच ॲक्शन म्हणतात. तारा फारच मऊ लागतायत, असं मी म्हटलंही. “दादा, नऊचा सेट आहे ना, म्हणून.” पटण्यासारखं होतं. नऊचा सेट, म्हणजे सगळ्यात बारीक तार इंचाच्या नऊ हजारांश जाडीची, मऊच असतो.

खरी गोम पेडलमध्ये होती. अशा बऱ्याच पेडलमध्ये फ्लॅट ट्यूनिंगची सोय असते, म्हणजे तार डीला, ईच्या एक सूर खाली, लावलेली असली तरी पेडल ‘ई, बरोबर’ असं दाखवतो. खाली उतरवून वाजवणाऱ्या बँडसाठी ती सोय आहे, त्यात गैर काही नाही. पण एक सूर उतरला की तारेचा ताण सुमारे 20 टक्क्यांनी घटतो. नऊच्या सेटचा एरवीचा एकूण ताण साधारण 38 किलो, तो आला 30 वर. दहाचा सेट नेहमीच्या सुरात लावला तर तोच 46 च्या आसपास जातो. नेक पुढे ओढणारा भारच एवढा कमी करून ठेवला तर ती सरळ दिसणारच.

घरी फोनवरच्या ट्यूनरने बघितलं तेव्हा सगळ्या तारा डीच्या हिशेबात निघाल्या. त्याने विकायच्या आधी सहज उतरवल्या असतील असं धरून मी माझा नेहमीचा दहाचा सेट चढवला आणि ईला लावला. नेकने हळूहळू पुढे मान टाकली. ॲक्शन सव्वादोनच्या वर गेली. वरच्या फ्रेटांवर तार वाजेना, नुसती खरखर. दुकानदारी गेनमध्ये ही खरखर ऐकूच येत नाही, आणि वाजवून दाखवताना तो पाचव्या फ्रेटच्या पुढे गेला नव्हता, हे मग आठवलं. ॲक्शन खाली घ्यावी म्हणून ब्रिजकडे, तारा अडकवतात त्या टोकाकडे, वळलो तर सॅडल (तारा टेकतात ते वरखाली होणारे तुकडे) आधीच तळाला टेकलेली.

त्याला फोन केला. “ट्रस रॉड पाव फेरी घट्ट करा, बसेल खाली.”

हे वाक्य गिटारवाल्यांमध्ये इतकं चालतं की त्यावर कोणी शंका घेत नाही. खरं तर ट्रस रॉड ॲक्शनसाठी नसतो. नेकच्या आतली ही पोलादी सळई तारांच्या ओढीविरुद्ध नेक मागे खेचते. नेक किती पोकळ बसणार, म्हणजे रिलीफ, तेवढंच तिच्या हातात. तार मधोमध सगळ्यात जास्त हेलकावते म्हणून थोडा रिलीफ लागतोच. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, शेवटचा फ्रेट दाबायचा आणि आठव्यावर फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घालून बघायचं. फेंडर या गिटार कंपनीचा शिरस्ता तिथे साधारण पाव मिलिमीटरचा आहे. माझ्या गिटारीत गेजची पाऊण मिलिमीटरची पात आरामात सरकत होती. रिलीफ जागेवर आणल्यावर मग सॅडलने ॲक्शन ठरवायची. ज्याला हा क्रम माहीत नाही त्याला ‘पाव फेरी’ विकणं सोपं जातं.

पाव फेरी शिल्लकच नव्हती. गिटार दुरुस्त करणाऱ्या काकांनी हेडस्टॉकवरचं, म्हणजे नेकच्या टोकावरचं, त्रिकोणी झाकण उघडलं आणि आत न बघताच म्हणाले, “ही माझ्याकडे येऊन गेलीय.” रॉडच्या नटाखाली दोन जादा वायसर होते, त्यांनीच टाकलेले. नट आट्यांच्या शेवटाला पोचला की वायसर घालून आणखी थोडी ओढ मिळते. तीही संपली होती, आणि कोणीतरी जोर लावून नटाचे कोपरे गोल करून ठेवले होते. नेक उतरवली तर ती बसते त्या खाचेत जुन्या एटीएम कार्डाचा तुकडा, नेक जरा मागे कलावी म्हणून. असा शिम घालणं ही काही चोरी नाही, कारखान्यातून आलेल्या गिटारींतही तो सापडतो. पण शिम घालून वर सॅडलही तळाला, म्हणजे सगळे उपाय संपल्याची खूण. “मी त्या पोराला सांगितलं होतं, रॉड गेलाय, नेक बदल,” काका म्हणाले.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. हे कळल्यावर पुन्हा फोन केला तर, “लाकूड आहे, पावसाळ्यात हलतंच.” पावसाळ्यात नेक हलते हे खरंच. पण पाऊस पेडलमधलं सेटिंग बदलत नाही, असं म्हणालो. त्याने मला ब्लॉक केलं.

वकील मैत्रिणीने 1872 च्या करार कायद्याचं कलम 17 दाखवलं. माहीत असलेला दोष मुद्दाम झाकणं ही त्यात फसवणूकच धरली आहे. मग नोटिसा, तारखा, काकांची साक्ष आणि तिची फी यांचा हिशेब मांडला आणि गप्प बसलो. नेक स्क्रूने जोडलेली आहे म्हणून निदान बदलता येईल. चिकटवलेली असती तर तेही सोपं नव्हतं. काकांचं म्हणणं, नवी नेक 648 मिलिमीटर स्केलचीच (स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी) हवी आणि खाचेत नीट बसायला हवी.

बघायला जाल तेव्हा ट्यूनर स्वतःचा न्या. तारा ईला चढवा, चहा घ्या, अर्ध्या तासाने पुन्हा बघा. ॲम्प बंद करून प्रत्येक तार शेवटच्या फ्रेटपर्यंत वाजवा. सॅडलचे स्क्रू किती वर आहेत ते बघा. आणि मालकालाच रॉडचा नट आधी जरा सैल, मग परत घट्ट करून दाखवायला सांगा. चावी हरवलीय, फॅक्टरी सेटिंग आहे, हात लावू नका, असं काही ऐकू आलं तर गिटार कितीही देखणी असो, ठेवून द्या.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या नावाने एक जाहिरात दिसली. ॲम्प तोच, खालचा हिरवा गालिचाही तोच, गिटार काळी. किंमत 19 हजार, कारण दुबईला नोकरी लागलीय. फोटोत सॅडल पुन्हा तळाला टेकलेली आहेत. कोथरूडच्या आसपास बघायला जाणार असाल तर लक्ष ठेवा.