एल्साह, इलिनॉय: थंडीतच जा!

ऑल्टनहून मिसिसिपीच्या काठाकाठाने जाणारा रस्ताच निम्मे पैसे वसूल करतो. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला चुनखडीचे उभे कडे. 1853 साली वसवलेलं एल्साह म्हणजे जेमतेम दोन अरुंद गल्ल्या आणि इथल्याच दगडाची घरं. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत नवऱ्याची चिडचिड झाली, ते वेगळं. उत्तरेकडे पाणी गोठलं की बाल्ड ईगल (पांढऱ्या डोक्याचे गरुड) इकडे उतरतात. एक तर निष्पर्ण झाडावर मासा पंज्याखाली दाबून निवांत सोलत होता. पोरं थंडी विसरली. दुर्बीण न्याच. खाण्याचं मात्र काही खरं नाही, आम्हाला सगळं बंद मिळालं; शेवटी जवळचं ग्राफ्टन गाव गाठलं. पाचपैकी चार.