मार्च-नेटिव्ह, ओ-थ्री आणि आंब्याचा सीझन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

काकांच्या देवगडच्या पॅकिंग शेडसाठी मी एक छोटा सी प्लस प्लस प्रोग्राम सांभाळतो. काट्यावरून वजन घ्यायचं, पेटीचं लेबल छापायचं, संध्याकाळी वाशीला जाणाऱ्या मालाची यादी काढायची, एवढंच. पण मशीन चार जातींच्या: माझा रायझन लॅपटॉप, ऑफिसातला तिसऱ्या पिढीचा इंटेल आय-थ्री, एका काट्याला रास्पबेरी पाय 3 (तळहाताएवढा संगणक) आणि दुसऱ्याला पहिला पाय झिरो. ऑक्टोबर ते मे जीसीसी या कंपायलरचे (कोडचा मशीनवर चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन) फ्लॅग, म्हणजे बांधणीचे पर्याय, उलटेपालटे करून सगळ्यांसाठी डेब पॅकेज (डेबियन लिनक्सच्या इन्स्टॉल-फाइल) बांधली.

सुरुवात हौसेने केली: ओ-थ्री (वेगासाठी जोरदार सुधारणा) आणि मार्च-नेटिव्ह. (हा मार्च आर्किटेक्चरचा, आमचा मार्च म्हणजे पहिल्या पेट्यांचा, तोही डोक्याला तापच.) लॅपटॉपवर झकास. आय-थ्रीवर लावलं आणि काकांचा फोन: "रे, तुझां मशीन गप झालां, बिल येणा नाय." स्क्रीनवर एकच ओळ, इल्लीगल इन्स्ट्रक्शन, म्हणजे प्रोसेसरला न कळणारी सूचना. नेटिव्ह म्हणजे ज्या मशीनवर बांधलं त्या मशीनचं. कंपायलरने बिनधास्त एव्हीएक्स-टू (एका फटक्यात अनेक आकडे हाताळणारा सूचनासंच) वापरलं होतं आणि तिसऱ्या पिढीच्या इंटेलमध्ये ते नाही; इंटेलने ते 2013 च्या हॅसवेल प्रोसेसरांपासून दिलं. एक्स86-64 (इंटेल-एएमडीचं 64 बिट आर्किटेक्चर) च्या व्ही-थ्री पातळीलाही तेच लागतं, म्हणजे तोही रस्ता बंद. चूक पूर्ण माझी.

पायचं दुखणं वेगळं. पाय 3 वर एक जीबी रॅम, त्यात मेक जे-फोर (एकाच वेळी चार कामं) दिलं की कंपायलरच मारला जायचा. म्हणून लॅपटॉपवरच्या डेबियनमध्ये क्रॉस-कंपाइल केलं (एका मशीनवर दुसऱ्या जातीच्या मशीनसाठी बांधलं), आर्किटेक्चर आर्मएचएफ (32 बिट आर्म प्रोसेसरसाठीचं नाव). पाय 3 वर सुरळीत. झिरोवर पुन्हा तीच ओळ! इथे मात्र मी कंपायलरला दोष देणार नाही, नावाला देईन. डेबियनचं आर्मएचएफ आर्मव्ही7 (आर्म आर्किटेक्चरची सातवी आवृत्ती) धरून चालतं. रास्पबेरी पायची 32 बिट सिस्टिम तेच नाव लावते, पण जुन्या आर्मव्ही6 साठी बांधलेली असते, कारण झिरोचा प्रोसेसर तेवढाच. डीपीकेजी (पॅकेज इन्स्टॉल करणारं साधन) नाव बघून निमूट इन्स्टॉल करतं. आता पायची पॅकेज पायच्याच सिस्टिमची फाइल-रचना घेऊन क्यूईएमयू (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम) खाली बांधतो. हळू आहे, चहा होतो तोवर.

तिसरा घोळ सर्वांत चिवट. काट्याची केबल निघाली की पायवर प्रोग्राम शंभर टक्के सीपीयू खात फिरत बसायचा, आय-थ्रीवर नाही. दोन संध्याकाळी ओ-थ्रीवर संशय घेतला. ओ-झिरोने (सुधारणा बंद ठेवून) बांधलं, तरी तेच. शेवटी माझीच ओळ सापडली: एफगेटसी या एक अक्षर वाचणाऱ्या फंक्शनचं उत्तर मी कॅरमध्ये (एका बाइटच्या चलात) साठवत होतो. लिनक्सवर एक्स86 मध्ये कॅर साइन्ड (उणे आकडे चालणारा), आर्मवर अनसाइन्ड. ईओएफचा (वाचायचं संपल्याच्या खुणेचा) उणे एक आर्मवर 255 होतो आणि लूप थांबतच नाही. एफ-साइन्ड-कॅर फ्लॅग लावून झाकता आलं असतं, पण मी कॅरचं इंट (मोठ्या पूर्णांकाचं चल) केलं.

फास्ट-मॅथ (गणिताचे नियम ढिले करून वेग वाढवणारा फ्लॅग) तर हिशेबाच्या प्रोग्रामला लावूच नये. काटा बंद असताना वजन नॅन ('हा आकडाच नाही' अशी खूण) येतं, आणि नॅनची माझी तपासणीच कंपायलरने उडवून टाकली. एका पेटीवर 'नॅन किलो' छापून आलं. गडी ते लेबल अजून दाखवून हसतात.

आता सगळीकडे ओ-टू (ओ-थ्रीहून सौम्य) आणि त्या त्या आर्किटेक्चरचा पाया, म्हणजे किमान सूचनासंच, एक्स86 साठी शिवाय एमट्यून-जेनेरिक. एमट्यून फक्त सूचनांची निवड आणि क्रम सुधारतं, जुन्या मशीनला न कळणारी सूचना घालत नाही. लेबलवरचं चित्र ठिपक्यांत बदलणारं एकच फंक्शन जड होतं. एक्स86 वर त्याला टार्गेट-क्लोन्स ही जीसीसीची सोय लावून दोन प्रती ठेवल्या, प्रोसेसर बघून योग्य ती चालते. बाकी प्रोग्राम काटा स्थिर होण्याची आणि प्रिंटरची वाटच बघत असतो. तिथे ओ-थ्रीने मला फक्त मोठी फाइल दिली.