अ‍ॅरेत किती घटक मावतात: साइझऑफचा भागाकार की एसटीडी::साइझ?

सी++मध्ये अ‍ॅरेची, म्हणजे एकाच प्रकारच्या घटकांच्या सलग रांगेची, लांबी काढायच्या दोन रीती रुळल्या आहेत. जुनी म्हणजे बाइट मोजणाऱ्या साइझऑफचा भागाकार: अख्ख्या अ‍ॅरेचे बाइट भागिले पहिल्या घटकाचे बाइट. दुसरी सी++१७ पासूनची, एसटीडी::साइझ हे लायब्ररीतलं तयार फंक्शन. साध्या अ‍ॅरेसाठी दोन्हींचं उत्तर कंपाइल होतानाच ठरतं, तेव्हा वेगावरून भांडण नको.

भागाकार सीमध्येही चालतो, त्याला हेडर लागत नाही, जुना कंपाइलरही कुरकुरत नाही. अ‍ॅरे जिथे जाहीर केला तिथेच मोजला तर उत्तर चोख.

घोळ होतो तो फंक्शनच्या दारात. अ‍ॅरे पाठवला तरी आत पोचतो फक्त पहिल्या घटकाचा पॉइंटर, म्हणजे त्याचा मेमरीतला पत्ता. पॅरामीटरच्या चौकटी कंसात १० लिहा, कंपाइलर तो आकडा जमेसच धरत नाही. नेहमीच्या ६४-बिट मशीनवर पॉइंटर ८ बाइटचा, इंट (पूर्णांक) ४ चा. म्हणजे १० इंटच्या अ‍ॅरेचं उत्तर २. प्रोग्रॅम कोसळत नाही, लूप दोनदा फिरून गपचूप थांबतो. चाचणीच्या अ‍ॅरेत दोनच घटक असतील तर सगळं बरोबरही दिसतं! कॅरच्या (१ बाइटचं अक्षर) ५ घटकांच्या अ‍ॅरेला उत्तर ८ येतं आणि लूप हद्दीबाहेरची मेमरी वाचतो. जीसीसी हा कंपाइलर इशारा देतो खरा, पण मोठ्या बिल्डच्या लॉगमध्ये तो कोण वाचतो?

एसटीडी::साइझला पॉइंटर दिला की कोड कंपाइलच होत नाही. एरर लांबलचक आणि टेम्प्लेटने भरलेली येते, तरी माझ्या मते चुकीच्या २ पेक्षा ती परवडली.

व्हेक्टरला (गरजेप्रमाणे वाढणारी यादी) मात्र साइझ आत्ता भरलेले घटक सांगतं. नवी मेमरी न मागता किती मावतील ते कपॅसिटी सांगते. रिकाम्या व्हेक्टरवर रिझर्व्ह १०० केलं, म्हणजे १०० घटकांची जागा आधीच मागून ठेवली, तर साइझ ०, कपॅसिटी किमान १००. साध्या अ‍ॅरेत ३ जागा भरल्या काय नि १०० काय, दोन्ही रीती जाहीर केलेली लांबीच देतात. भरलेल्यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

सीमध्येच काम असेल तर भागाकाराला पर्याय फारसा नाही. तो अ‍ॅरे जाहीर केला तिथेच करावा आणि लांबी वेगळं पॅरामीटर म्हणून पाठवावी. सी++२० हाताशी असेल तर फंक्शनला पॉइंटरऐवजी एसटीडी::स्पॅन (पत्ता आणि लांबी यांची जोडी) घ्यायला लावावं, लांबी सोबतच जाते.