शोरूमसाठी लीड ॲप: गेल्या गणपतीपासून ऊसबिलांपर्यंत वापरल्यावर

बेळगावात गाड्यांच्या शोरूममध्ये ऑनलाइन चौकश्यांचं टेबल मी सांभाळते. गेल्या गणपतीच्या सुमारास आमच्याकडे लीड ॲप आलं. कंपनीची वेबसाइट, गाड्यांची पोर्टल्स, फेसबुक-इन्स्टाग्रामवरचे फॉर्म, सगळीकडची चौकशी एका जागी पडते आणि ज्याच्या वाट्याला आली त्याचा मोबाइल वाजतो. त्याआधी सकाळी एक्सेल शीट निघायची, ती दुपारपर्यंत वाटली जायची, आणि फोन लागेपर्यंत माणूस दुसऱ्या शोरूममध्ये चहा पिऊन आलेला असायचा. आता उसाचा हंगाम उरकला आहे. घेऊ की नको या विचारात असलेल्या आपल्या भागातल्या शोरूमवाल्यांसाठी हे लिहिते आहे.

वेळेच्या बाबतीत ॲप पैसे वसूल करून देतं, यात मला शंका नाही. पोर्टलवर फॉर्म भरला की नंबर बहुतेक वेळा एकाच शोरूमकडे जात नाही. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये २०११ साली अमेरिकेतल्या कंपन्यांचा अभ्यास आला होता. ज्यांनी तासाभरात संपर्क साधला त्यांचं ग्राहकाशी कामाचं बोलणं होण्याची शक्यता एक तास उशीर करणाऱ्यांच्या जवळपास सातपट होती. आमचा अनुभवही त्याच बाजूचा आहे. फॉर्म भरताना फोन हातात असतो, घरातली माणसं शेजारी असतात, आणि तेव्हाच बोलणं झालं तर टेस्ट ड्राइव्हची वेळ त्याच फोनवर ठरते.

पण नुसत्या वेगाचा उपयोग नाही. ॲपबरोबर आलेला तयार मेसेज असा होता: 'आपल्या चौकशीबद्दल धन्यवाद, आमचे प्रतिनिधी लवकरच संपर्क साधतील.' माणसानं विचारलेलं असतं, 'निपाणीत ऑन-रोड किती पडेल?', म्हणजे कर, विमा सगळं धरून किती. त्याला एका मिनिटात धन्यवाद मिळाले तरी उत्तर मिळालेलं नसतं. आम्ही तो मेसेज काढला. आता पहिल्याच व्हॉट्सॲपमध्ये एक्स-शोरूम (गाडीची नुसती किंमत), रोड टॅक्स, इन्शुरन्स, फास्टॅग अशी फोड जाते; ॲक्सेसरीज वेगळ्या लिहितो आणि त्या घ्यायलाच हव्यात असं नाही, हेही लिहितो. एवढ्या एका बदलानं जेवढी माणसं शोरूमपर्यंत आली, तेवढी ॲपच्या कुठल्याही फीचरनं आली नाहीत.

सीमाभागात हा ऑन-रोडचा प्रश्न साधा नाही. निपाणी कर्नाटकात, पण तिथला माणूस पोर्टलवर 'कोल्हापूर' टाकून भाव बघतो, कारण त्याचे पाहुणे पलीकडे महाराष्ट्रात, कागलला असतात. पाच ते दहा लाखांच्या गाडीला कर्नाटकात आजीवन कर १४ टक्के, महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के. नऊ लाखांच्या गाडीवर सरळ २७,००० रुपयांचा फरक पडतो, शिवाय कर्नाटकातला सेस वेगळा. मग पुढचं वाक्य ठरलेलं: "ताई, मग एम.एच. पासिंग करून द्या की." तिथं गोलगोल बोलू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे नोंदणी मालक राहतो किंवा धंदा करतो आणि गाडी ठेवतो त्या राज्यात होते. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांच्या वर राहिली तर नंबर बदलून घ्यावा लागतो. हे पहिल्याच फोनवर नीट सांगितलं की माणूस चिडत नाही. बुकिंगनंतर कळलं तर मात्र चिडतो, आणि त्याचं बरोबर असतं.

ॲपची मोठी अडचण पिनकोडची आहे. ते चौकशी पिनकोड बघून वाटतं. ५९० आणि ५९१ आमच्याकडे, ४१६ कोल्हापूरच्या बाजूला. चंदगडचा पिनकोड ४१६ नं सुरू होतो, पण चंदगडकर बाजारहाटाला आणि दवाखान्याला बेळगावला येतो. गाडी बघायलाही इथंच येणार. तशा चौकश्या दुसरीकडे जायच्या आणि तिथून फोन जायचा, 'कोल्हापूरला या.' खूप मागे लागल्यावर ॲपवाल्यांनी तालुक्याप्रमाणे वाटणी करून दिली. घेण्याआधी हे करारात लिहून घ्या.

भाषेसाठी ॲपमध्ये सोय आहे, पण ती नावावरून ठरवू नका. पाटील, देसाई, कुलकर्णी, ही आडनावं दोन्हीकडची. येळ्ळूरचे पाटील मराठीत बोलतील, बैलहोंगलचे पाटील कन्नडमध्ये. आमच्या टेबलावर काम करणाऱ्या मुली फोन लागल्यावर आधी विचारतात, "मराठीत बोलू की कन्नडमध्ये?" आणि उत्तर लगेच ॲपमध्ये टाकतात, म्हणजे दुसऱ्यानं फोन केला तरी पुन्हा विचारावं लागत नाही.

आता माझी खरी तक्रार. तीस दिवसांत बुकिंग झालं नाही की ॲप चौकशी आपोआप बंद करतं आणि ती 'लॉस्ट'मध्ये जाते. हा हिशोब आपल्याकडे लागू पडत नाही. चिक्कोडीकडच्या एका शेतकऱ्यानं नवरात्रात चौकशी केली. घटस्थापनेला, २२ सप्टेंबर २०२५ ला, लहान गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला होता आणि चौकश्यांचा नुसता पूर आला होता. ते शेतकरी काका स्वच्छ म्हणाले, "गाडी घ्यायचीच आहे, पण बिल जमा झाल्यावर." ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे, पण बिल हातात कधी पडेल ते शेतकऱ्यालाच ठाऊक. ॲपनं त्यांना ऑक्टोबरातच 'लॉस्ट' करून टाकलं होतं. आमच्या मुलीनं वहीत 'ऊस – जानेवारी' असं लिहून ठेवलं होतं, म्हणून जानेवारीत फोन गेला. काका म्हणाले, "तुम्ही तरी आठवण ठेवलीत." त्याच आठवड्यात ते जुनी गाडी एक्स्चेंजला घेऊन आले.

फौजी मंडळींचंही तसंच. चंदगड, खानापूरची कितीतरी मुलं सैन्यात आहेत. ती ड्यूटीवरून चौकशी करतात, सैन्याच्या कॅन्टीनमधून घेतली तर किती पडेल विचारतात, आणि गाडी घेतात सुट्टीवर आल्यावर. दिवसा त्यांचा फोन लागत नाही, म्हणून ॲप 'प्रतिसाद नाही' असा शिक्का मारतं. आम्ही आता 'ऊसबिल' आणि 'सुट्टी' असे दोन वेगळे टॅग केलेत आणि त्यांना पुढची तारीख हातानं टाकतो.

व्हॉट्सॲपचा एक नियम ध्यानात ठेवा. ॲपमधून पाठवताना ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजनंतर चोवीस तासच मोकळेपणानं लिहिता येतं. नंतर मंजूर झालेला टेम्प्लेटच, म्हणजे आधी ठरवून ठेवलेला मजकूरच जातो. म्हणून मराठी आणि कन्नड टेम्प्लेट आधीच मंजूर करून ठेवा, नाहीतर ऐन दिवाळीत अडकाल.

रिपोर्ट ठीक आहेत. मॅनेजरला आवडतात.

आम्ही वर्गणी पुढे चालू ठेवतो आहोत. रोजच्या चौकश्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील तर एक मोबाइल, एक वही आणि कन्नड-मराठी दोन्ही बोलणारी एक मुलगी पुरे. त्याहून जास्त असतील तर घ्या, पण तीस दिवसांचं आपोआप बंद होणं पहिल्याच दिवशी सेटिंगमधून काढायला लावा, आणि दर महिन्याला सगळी यादी एक्सेलमध्ये उतरवून आपल्याकडे ठेवा. वर्गणी थांबली की ॲपमधलं काही बघता येत नाही.