लिनक्सची डिफॉल्ट पोर्ट रेंज: चार तारे

अंधेरी एमआयडीसीत बस-बुकिंगच्या साइटचे सर्व्हर मी सांभाळते. गणपतीत कोकणच्या गाड्यांसाठी झुंबड उडते, तेव्हा हे डिफॉल्ट आकडे खरे कळतात.

बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी लिनक्स ३२७६८ ते ६०९९९ मधले पोर्ट (कनेक्शन ओळखायचे क्रमांक) आपोआप घेतं. मला ही निवड मनापासून पटते. कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसचे नोडपोर्ट (बाहेरून सेवेपर्यंत पोचायचे पोर्ट) ३०००० ते ३२७६७, म्हणजे अगदी शेजारी, तरी टक्कर नाही. विंडोज व्हिस्टापासून आयएएनए या इंटरनेटचे क्रमांक ठरवणाऱ्या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ४९१५२ ते ६५५३५ वापरतं. नियमाला धरून आहे, पण पोर्ट १६३८४च. लिनक्सकडे २८२३२.

हा फरक प्रॉक्सीवर जाणवतो. आमचा प्रॉक्सी (मागण्या पुढे पोचवणारा मधला सर्व्हर) एकाच बॅकएंडच्या, म्हणजे मागच्या सर्व्हरच्या, एकाच पोर्टकडे सतत नवी कनेक्शनं उघडतो, आणि बंद केलेलं प्रत्येक कनेक्शन टाइम-वेटमध्ये (बंद झाल्यावर थांबून राहायच्या अवस्थेत) ६० सेकंद पोर्ट अडवून ठेवतं. भागाकार करून बघा: सेकंदाला साधारण ४७० नव्या कनेक्शनांच्या वर गेलात की पोर्ट संपू लागतात. सीपीयू निवांत, मेमरी मोकळी, आणि तरी कनेक्शन उघडत नाही! अशा मशीनवर आधी कीप-अलाइव्ह (उघडलेलं कनेक्शन पुन्हा वापरणं) चालू करा, मगच रेंज वाढवा.

एक तारा कापला तो मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ३३०६० साठी. त्याच्या एक्स प्रोटोकॉलचा (त्याच्याशी बोलायच्या एका पद्धतीचा) हा पोर्ट रेंजच्या आतच येतो. सर्व्हिस रीस्टार्ट होताना तो दुसऱ्याच कनेक्शनने पकडलेला असू शकतो. कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) राखीव पोर्टांची यादी देता येते, पण ती मुळात रिकामी असते. नवीन सर्व्हर लावताना ती भरून घ्या.