बिनलेबलच्या डबीनं माझ्या लेकीचं तोंड भाजलं, पार्लरमधून क्रीम घेणाऱ्यांनी वाचा

मी परभणीची, लेक बारावीला लातूरला हॉस्टेलवर आहे. तिच्या दोन्ही दंडांवर मागून आणि थोड्या गालावर लहानपणापासून बारीक बारीक पुटकुळ्या आहेत, खाजत नाहीत दुखत नाहीत, हात फिरवला की किसणीसारखं खरबरीत लागतं एवढंच. माझ्या दंडावर पण तसंच आहे, माझ्या आईला पण होतं, आम्ही त्याला कधी रोग समजलोच नाही.

तुळशीचं लग्न झाल्यावर आमच्या घरात लग्न होतं म्हणून तिला पार्लरला घेऊन गेले. तिथली बाई दंड बघून म्हणली, "ताई हे वाढत जातं बरं, आत्ताच नाही बघितलं तर पोरीच्या लग्नाच्या टायमाला लई अवघड जाईल." झालं, माझ्या पोटात गोळाच आला. तिनं पांढरी प्लास्टिकची डबी काढली, वर ना नाव ना कंपनी ना तारीख. म्हणली आयुर्वेदिक आहे, आम्ही घरीच बनवतो, एक डबी 350 ला, तीन घेतल्या तर 1000. बिल नाही, फोनपे पण नको म्हणली, नगदच द्या. तिथंच माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं.

आठ दिवसांत गाल असे गुळगुळीत आणि गोरे झाले की मी स्वतः दोन्ही जावांना सांगितलं, तुम्ही पण घ्या म्हणून. ह्याचं मला अजून वाईट वाटतंय.

तीन महिन्यांनी डबी संपली आणि चार-पाच दिवसांत लेकीचा व्हिडिओ कॉल, रडत होती, "मम्मी तोंड भाजायलंय गं, पाणी लावलं तरी आग होतीय." तोंड लालभडक, हनुवटीवर पिंपल्स, गालावर बारीक लव. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं लातूर गाठलं आणि तिला स्किनच्या डॉक्टरकडं नेलं. मॅडमनी रिकामी डबी बघितली, गाल बघितले आणि म्हणल्या, ह्यात स्टेरॉइड असणार, आधी चमक येते नंतर कातडी पातळ होते आणि सोडलं की भडका उडतो. स्टेरॉइडची मलमं 2018 मध्ये शेड्यूल एच मध्ये टाकलीत, म्हणजे मेडिकलवाल्यानं पण चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, मग पार्लरमध्ये कुठून आली.

आणि मूळ पुटकुळ्यांना नाव केराटोसिस पिलारिस. केसाच्या मुळाशी केराटिन, म्हणजे कातडीतलंच एक प्रथिन, साचून बूच बसतं, घराण्यात असतं, कुणाला लागत नाही, थंडीत कोरडी हवा सुटली की वाढतं, वयाप्रमाणं बऱ्याच जणांचं कमी होतं. मॅडम म्हणल्या कायमचं घालवतो म्हणणाऱ्याकडं जायचंच नाही. लेक दगडानं दंड घासायची ते पहिलं बंद केलं, त्यानं उलट लाल होतं. कडक पाण्याऐवजी कोमट पाण्यानं थोडक्यात अंघोळ, साबण सौम्य, आणि टॉवेलनं नुसतं टिपून अंग ओलसर असतानाच दंडावर 10 टक्के युरियाचं मॉइश्चरायझर, रोज. दीड-दोन महिन्यांनी दंड मऊ लागायले, पण लावणं सोडलं की परत येतं. तोंडावर मात्र साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, बाकी मॅडमनी चिठ्ठीवर लिहून दिलेलं. पाच महिने गेले, अजून उन्हात गेली की गाल लाल होतात.

धाकट्या जावेला लगेच फोन केला तर ती काय सांगावं, तीच क्रीम तान्ह्या लेकराच्या नाकावरच्या पांढऱ्या दाण्यांना लावणार होती! ते दाणे काही आठवड्यांत आपोआप जातात हो, त्याला ना टोचायचं ना दाबायचं ना काही लावायचं. माझा फोन एक दिवस उशिरा गेला असता तर काय झालं असतं ह्या विचारानं झोप लागली नाही.

पार्लरवाली आता म्हणते तुमच्या पोरीची स्किनच सेन्सिटिव्ह. बिल नाही म्हणून तिला तोंड वर करून बोलता येतंय. अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात डबीसकट अर्ज दिलाय.

तुमच्या घरात कुणी अशी डबी वापरत असेल तर घाबरून एकदम बंद करून घरात बसू नका, आग वाढते, आणि डबी फेकू पण नका, तीच घेऊन स्किनच्या डॉक्टरकडं जा.