व्हिजन बोर्ड: भिंतीवर, मोबाईलवर की वहीत?

करायच्या गोष्टी डोक्यात दहा असतात आणि नेमकं कशाच्या मागे लागायचं ते ठरत नाही. अशा वेळी व्हिजन बोर्ड, म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या गोष्टींची चित्रं एकत्र मांडलेला फलक, उपयोगी पडतो, पण कोणता करायचा ते तुम्ही कुठे अडलात यावर ठरवा. काय हवं तेच ठरत नसेल तर भिंतीवरचा कागदी बोर्ड करा. ध्येय पक्कं असून काम पुढे सरकत नसेल तर वही. मोबाईलवरचा बोर्ड सगळ्यात सोपा, आणि आमच्या मते एकट्याने सगळ्यात कमी कामाचा.

भिंतीवरचा बोर्ड

याचा खरा फायदा म्हणजे जागा कमी पडते. २२ बाय २८ इंची कार्डशीटवर पोस्टकार्डाएवढी दहा-बारा चित्रं आणि प्रत्येकाखाली एखादी ओळ, एवढंच नीट बसतं. तेरावं लावायचं तर आधीचं एक काढावं लागतं. परदेशवारी काढू की स्वतःचं दुकान, हा प्रश्न तिथे टाळता येत नाही. स्पष्टता येते ती या काढाकाढीतून.

म्हणून चिकटवायची घाई करू नका. आठवडाभर पंचवीस-तीस चित्रं जमवा: रविवारच्या पुरवण्या, जुनी मासिकं, स्वतः काढलेले फोटो. घर हवं असेल तर नेटवरच्या बंगल्यापेक्षा आपल्या बजेटात बसणाऱ्या भागातल्या खऱ्या इमारतीचा फोटो काढून आणा. त्यावरून निदान किंमत तरी विचारता येते. मग सगळी चित्रं जमिनीवर पसरा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: हे कुणालाच सांगता आलं नसतं, तरी मला हवं असतं का? उरलेली कार्डशीटवर नुसती मांडा, मोबाईलने फोटो काढून ठेवा आणि रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी दोन-तीन तरी बदलावीशी वाटतातच. चिकटवायचं ते त्यानंतर, आणि चौथा हिस्सा जागा मोकळी ठेवून.

कोल्हापुरात यापुढचा शत्रू म्हणजे पावसाळा. फेविकॉलसारखा पाण्याचा गोंद पातळ कागदावर सगळीकडे फासला की कागद फुगतो आणि सुरकुत्या पडतात. वर्तमानपत्राच्या कात्रणावर तर मागची छपाईही पुढे दिसू लागते. ग्लू स्टिक घ्या आणि फक्त कडांना लावा. इंकजेटच्या प्रिंटला ओल लागली की बहुतेकदा रंग पसरतो, त्यामुळे झेरॉक्सवाल्याकडून लेझर प्रिंट जाड कागदावर काढून घ्या. नुसती कार्डशीट महिन्याभरात वाकते. तिला मागून ५ मिलिमीटरचा सनबोर्ड (फोमचा हलका, ताठ फलक) लावा. डबल टेपने भिंतीला चिकटवू नका. जुलैत भिंत ओल धरते, रंगाचा पापुद्रा सुटतो आणि बोर्ड खाली येतो. दोरी बांधून कपाटाच्या दाराला अडकवा. चित्रं सारखी बदलाल असं वाटत असेल तर थोडे जास्त पैसे घालून पिनांचा कॉर्क बोर्ड घ्या.

मोबाईलवरचा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत खोली शेअर करून राहणाऱ्याला भिंत स्वतःची नसते, मालक खिळा ठोकू देत नाही, आणि आपली स्वप्नं रूममेटने रोज वाचावीत असंही वाटत नाही. त्याच्यासाठी मोबाईल ठीक. कॅनव्हासारख्या ॲपवर फुकटात होतो. मात्र तिथे चित्रं कितीही घालता येतात, त्यामुळे निवड करावीच लागत नाही. म्हणून मर्यादा आपणच घाला: चार चित्रं, बस.

वॉलपेपरसाठी आकार १०८० बाय २४०० पिक्सेल धरा, तो आजच्या बऱ्याच फोनना चालतो. वरचा तिसरा हिस्सा मोकळा सोडा, कारण तिथे घड्याळ आणि नोटिफिकेशन येतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली फाईल दाबली जाते आणि अक्षरं पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि दर महिन्याला चित्र बदला. तेच ते दिवसातून शंभरदा दिसलं की नजर त्याला सरावते, मग ते असून नसल्यासारखं.

वही, आणि चित्रांचा एक धोका

नुसतं यशाचं चित्र बघत बसण्यात तोटा असू शकतो. गॅब्रिएले ओटिंगेन आणि हेदर कॅप्स या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली प्रयोगांतून दाखवलं, की सगळं मनासारखं झाल्याची गोड कल्पना केल्यावर माणसाचा उत्साह उलट उतरतो. त्याआधी १९९९ मध्ये लिएन फाम आणि शेली टेलर यांच्या अभ्यासात, चांगले मार्क मिळाल्याची कल्पना करणाऱ्यांपेक्षा अभ्यास करत असल्याची कल्पना करणारे विद्यार्थी परीक्षेत सरस ठरले. तेव्हा बोर्ड कोणताही करा, पण यशाच्या एका चित्रामागे कामाची दोन चित्रं हवीतच.

वहीत हे आपोआप जमतं. दोनशे पानी रजिस्टर घ्या. डाव्या पानावर ध्येयाचं चित्र, उजव्या पानावर अडथळा आणि त्यावरचा तोडगा, तोही ‘जर-तर’च्या भाषेत. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलीचं पान बघा. डावीकडे वर्दी. उजवीकडे: ‘८०० मीटर, आठवड्यातून चार दिवस, पहाटे साडेपाच. जर पाऊस असेल, तर जिन्याच्या २० फेऱ्या. जर क्लास उशिरा सुटला, तर गोळाफेकीचा सराव रविवारी.’ वर्दीचा फोटो भिंतीवर असता तर पावसात काय करायचं हे त्याने सांगितलं नसतं.

वहीची खोट एकच: मिटली की दिसत नाही. ती अभ्यासाच्या टेबलावर उघडीच ठेवा, किंवा चालू पानाचा फोटो काढून वॉलपेपर करा. मोबाईलचा सगळ्यात चांगला उपयोग हाच.

नवरा-बायको मिळून घराचं किंवा धंद्याचं ठरवत असतील, तर मात्र भिंतीवरचाच घ्या. दोघांनी आधी वेगवेगळी चित्रं जमवायची, एकमेकांना न दाखवता, आणि मग एकाच कार्डशीटवर मांडायची. कुठे जुळत नाही ते अर्ध्या तासात समोर येतं. उजळणी वर्षातून दोनदा पुरते: पाडव्याला आणि दसऱ्याला. झालेलं काढायचं, नकोसं झालेलंही काढायचं, आणि सहा महिन्यांत ज्यासाठी एकही काम केलं नाही, त्या चित्राखाली पहिलं छोटं काम तारखेसह लिहायचं. ते लिहितानाही हात अडला, तर ते चित्र उतरवा.